सीमाभागात एम.ए., पीएच.डी.ला नव्याने आलात? पहिल्या सेमिस्टरमध्येच जमवायच्या गोष्टी

पदव्युत्तर शिक्षण अर्ध्यावर सोडलेली मुलं-मुली बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मी बरीच पाहिली आहेत. अभ्यास झेपला नाही म्हणून थांबलेलं त्यांत एखादंच. बाकीच्यांचं गाइडशी बोलणं तुटलं, फेलोशिप अडकली, घरच्यांचा धीर सुटला, नाहीतर झोप उडाली आणि ते कुणाला सांगायचं हेच कळलं नाही. वेळेत कुणी वाट दाखवली असती तर त्यांतले बरेच जण निभावून गेले असते. म्हणून हे पहिल्या सेमिस्टरमधल्यांसाठी लिहितो आहे. तुम्ही राणी चन्नम्मा विद्यापीठात असा, मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात असा, नेहरूनगरात केएलईमध्ये असा किंवा रोज-आठवड्याला धारवाड-कोल्हापूर करत असा.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. आपला सगळा भार एका माणसावर, एका परीक्षेवर किंवा एका भाषेवर टाकायचा नाही. दुसरा आधार अडचण यायच्या आधी शोधून ठेवायचा.

गाइड ठरवण्याआधी

पीएच.डी.चे सध्याचे नियम यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. इंग्रजीत आहेत, पण फार लांबलचक नाहीत. एक संध्याकाळ काढून स्वतः वाचा, कारण सीनियर मंडळी जे नियम सांगतात ते पुष्कळदा २००९ किंवा २०१६ सालचे असतात. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, ही अट राष्ट्रीय नियमांतून २०२२ मध्ये निघाली. मात्र तुमच्या विद्यापीठाने ती आपल्या नियमावलीत ठेवली असेल तर पाळावी लागेल. तेव्हा दोन्ही नियमावल्या शेजारी ठेवून वाचायच्या.

त्यात स्वतःसाठी काय शोधायचं ते सांगतो. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. ज्यांची सेवा ३ वर्षांपेक्षा कमी उरली आहे त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. पीएच.डी.ला किमान ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं. फेरनोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर अजून २ वर्षांची सवलत आहे. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी महिलांना पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते.

आपल्याकडच्या मुलींनी एक कलम तर पाठच करून ठेवावं. लग्न होऊन किंवा अन्य कारणाने गाव बदलावं लागलं, तर संशोधनाची सामग्री दुसऱ्या विद्यापीठात नेता येते. अट एवढीच की ते काम कुठल्या संस्थेने निधी दिलेल्या प्रकल्पाचा भाग नसावं आणि आधीच्या गाइडला, संस्थेला योग्य ते श्रेय द्यावं. खानापूरची मुलगी गडहिंग्लजला, निपाणीची सांगलीला नांदायला जाते हे आपल्याकडे रोजचं आहे. लग्न ठरलं म्हणून पीएच.डी. संपली, असं घरी कुणी म्हणालं तर हे कलम दाखवा.

गाइडबद्दल चौकशी करताना त्यांच्या विद्यार्थ्यांना "सर कसे आहेत?" असं विचारू नका. सगळे "चांगले आहेत" म्हणणार. प्रकरण दिल्यावर वाचून परत यायला किती दिवस लागतात? खासगी कामं सांगतात का? मागचे किती जण पूर्ण करून बाहेर पडले आणि किती वर्षांत? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की अंदाज येतो.

गाइड ठरले की प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी त्यांना चार-पाच ओळींची मेल करा: आज काय ठरलं, पुढे मी काय करणार, कधीपर्यंत. आगाऊपणा वाटेल असं मनात येतं, पण बहुतेक गाइडना हे आवडतं, कारण त्यांच्याही लक्षात राहत नाही. शिवाय वर्षभराने विषय बदलला, मतभेद झाले, तर हाच कागद कामाला येतो. दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. ती उरकायची गोष्ट समजू नका. गाइडखेरीज आणखी दोन-तीन जाणती माणसं तुमचं काम वाचतील अशी ती हक्काची जागा आहे.

कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, पण आपल्या भागात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. दहावीच्या मार्क्सकार्डावर, आधारवर आणि बँकेच्या पासबुकावर नाव एकाच क्रमाने आहे का ते आजच बघा. कर्नाटकात आद्याक्षरं पुढे-मागे होतात, महाराष्ट्रात मधलं नाव पूर्ण लागतं, आणि फेलोशिपचा फॉर्म यातल्या कुठल्याही फरकावर अडतो. बेळगाव शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी अधिकृतपणे बदललं, त्यामुळे जुन्या कागदांवर 'बेलगाम' आणि नव्यांवर 'बेळगावी' असणार. त्याने घाबरायचं कारण नाही, पण फॉर्म भरताना सगळीकडे एकच रूप लिहा.

जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (कर्नाटकच्या स्थानिक महसूल कार्यालयातून) काढून ठेवा. कर्नाटकची मागासवर्गीयांची यादी आणि केंद्राची यादी वेगळी आहे. राज्यात सवलत मिळते म्हणून नेटच्या (प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) फॉर्मवर तोच प्रवर्ग टाकायचा, असं होत नाही. केंद्राच्या यादीत आपली जात आहे का ते पाहूनच खूण करा. शिवाजी विद्यापीठातून इकडे किंवा इकडून तिकडे जाणार असाल तर स्थलांतर प्रमाणपत्रासाठी निकाल लागला की लगेच अर्ज करा.

महाराष्ट्रात अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी 'ई' हा वेगळा प्रकार आहे. त्याला रहिवासाचा आणि मातृभाषेचा असे दोन्ही दाखले लागतात. धाकट्या भावंडांना हे जरूर सांगा; गावोगावी अजून पुष्कळांना माहीत नाही. उलट, महाराष्ट्र सरकारच्या काही संशोधन फेलोशिपना, उदाहरणार्थ सारथी या मराठा समाजासाठीच्या सरकारी संस्थेच्या, महाराष्ट्राचा अधिवास लागतो. त्या आशेवर वर्ष घालवण्याआधी जाहिरातीतली पात्रता नीट वाचा.

तीन भाषांचं ओझं हलकं करायचं कसं

आपलं शिक्षण मराठीत, कार्यालय कन्नडमध्ये आणि संशोधन इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं पहिल्या सेमिनारला गप्प बसतात ती विषय कळला नाही म्हणून नव्हे. वाक्य इंग्रजीत जुळवेपर्यंत चर्चा पुढे निघून जाते. याचा ताण फार असतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. एकदा ओळखलं की त्यावर उपाय आहेत.

इंग्रजीसाठी माझा आग्रह असा: आठवड्याला आपल्या विषयातला एकच शोधनिबंध घ्या आणि त्याचा सारांश आधी मराठीत लिहा. विचार मराठीत पक्का झाला की मग तोच इंग्रजीत अर्ध्या पानात उतरवा. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की माणूस दुसऱ्यांची वाक्यं उचलतो, आणि ते पुढे वाङ्मयचौर्याच्या तपासणीत सापडतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायऱ्या आहेत आणि ६० टक्क्यांवर गेलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते. सेमिनारमध्ये बोलायचे पहिले दोन प्रश्न लिहून न्या आणि चर्चा सुरू होताच विचारून टाका. पुढचं सोपं जातं.

कन्नड शिकायला लाजू नका आणि टाळूही नका. मराठीवरचं प्रेम त्याने कमी होत नाही. लिपी वाचता यायला रोज थोडा वेळ दिला तर एक-दोन महिने पुरतात. नोटीस बोर्डावरची तारीख, परिपत्रकातली शेवटची मुदत, बसची पाटी स्वतः वाचता आली की दर वेळी कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागत नाही. कर्नाटकात सरकारी नोकरी करायची तर कन्नड लागतंच. शिवाय मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही नीट लिहिणारा माणूस भाषांतर, पत्रकारिता, प्रकाशन, आरोग्य आणि शेतीतली सर्वेक्षणं अशा सगळ्या ठिकाणी लागतो. पुण्या-मुंबईच्या मुलांकडे हे सहसा नसतं.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करावं. जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर तपासणीच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, आणि शोधगंगेवर (प्रबंधांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर) चढवला तरी शोधून सापडत नाही. शेवटच्या महिन्यात तीनशे पानं बदलत बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

वाचायला जागा हवी असेल तर शहरातलं १८४८ सालचं सार्वजनिक वाचनालय आहे. जुनी मराठी पुस्तकं तिथे आहेतच, शिवाय वाचणारी माणसं भेटतात. इंग्रजी नियतकालिकांसाठी आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'बद्दल विचारा. जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांना त्यातून सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत.

नेट, सेट आणि मधली राज्याची सीमा

सेट म्हणजे राज्याची पात्रता परीक्षा. ती ज्या राज्याची, नोकरीचा हक्क त्या राज्यापुरता. २००२ पासून हा नियम आहे. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, कर्नाटकची के-सेट कर्नाटक परीक्षा प्राधिकरण घेतं. कोल्हापूर जवळचं म्हणून महाराष्ट्राची सेट दिली आणि नोकरीला अर्ज बेळगावच्या महाविद्यालयात केला, तर ती चालणार नाही. नेट मात्र देशभर चालते. म्हणून पहिला जोर नेटवर, आणि नोकरी ज्या बाजूला करायची त्या राज्याची सेट जोडीला.

नेटमध्ये दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, ३ तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पहिला पेपर सगळ्या विषयांना समान असतो आणि तिथेच आपली मुलं मागे पडतात. तो एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून थोडा थोडा करत राहा. २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी.चा प्रवेशही मिळू शकतो. तिथे लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं.

परीक्षेचं केंद्र सीमेपलीकडे आलं तर आदल्या दिवशीच जा. १ नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास, डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्णसौधमधल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या काळात, किंवा भाषेवरून काही झालं की दोन्ही राज्यांच्या एसटी सीमेवर कोगनोळीजवळ थांबतात, पलीकडे जात नाहीत. त्या दिवशी वडापवाल्याच्या भरवशावर राहू नका. रेल्वे हा बऱ्यापैकी खात्रीचा मार्ग आहे: राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरज, हरिप्रियाने थेट कोल्हापूर.

पैसा

जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिपला) ४२,००० रुपये, हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. पैसे थेट खात्यावर येतात, पण दर महिन्याला विद्यापीठाने पोर्टलवर दुजोरा द्यावा लागतो. तो राहिला की पैसे राहिले. ज्या कर्मचाऱ्याच्या हातात हे काम आहे त्यांची ओळख करून घ्या, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आठवण द्या. तीन महिन्यांचा खर्च कायम बाजूला ठेवा. उशीर होतोच, आणि त्याची धास्ती अभ्यासापेक्षा जास्त खाते.

फेलोशिप नसलेल्यांनी कर्नाटकच्या स्टेट स्कॉलरशिप पोर्टलवर आपल्या प्रवर्गाच्या योजना बघाव्यात. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या आवारात रोज ये-जा करणाऱ्या मुलींचा त्याने मोठा खर्च वाचतो. अर्धवेळ शिकवण्या घेत असाल तर आठवड्याचे तास आधी ठरवा. शिकवण्या वाढत जातात आणि प्रबंध मागे पडतो, हे मी फार पाहिलं आहे.

घरच्यांना काय सांगायचं

"अजून किती शिकणार?" हा प्रश्न येणार. घरचे वाईट म्हणून नव्हे, तर त्यांना पुढचं काही दिसत नाही म्हणून. अथणी-चिकोडीकडे ऊसतोडीच्या दिवसांत, खानापुरात भातकापणीला घरी माणूस लागतं, आणि शहरात रूम करून राहणारा मुलगा दिवसभर वाचतो म्हणजे रिकामाच आहे असं वाटतं. वर्षाच्या सुरुवातीला आई-वडिलांजवळ बसून कॅलेंडरवर खुणा करा: कोर्सवर्कची परीक्षा कधी, नेट कधी, समितीपुढे कधी उभं राहायचं. सुगीला कोणते दिवस येणार तेही त्यातच लिहा. नुसतं "जमणार नाही" ऐकण्यापेक्षा "या आठवड्यात नाही, त्या आठवड्यात येतो" हे त्यांना पटतं.

मुलींच्या बाबतीत स्थळं बघायला सुरुवात होण्याआधीच वडिलांशी बोलून ठेवा, आणि घरात तुमच्या बाजूने बोलणारं एक माणूस हेरा. मामा, आत्या, शाळेतले जुने गुरुजी, कुणीही.

झोप, मन आणि कुणाला फोन करायचा

इथे घाई करू नका, नीट वाचा.

संशोधनात कंटाळा, निराशा येते. चार दिवसांत जाते. पण दोन आठवडे सलग झोप लागत नसेल किंवा सारखी झोपच येत असेल, आवडीच्या गोष्टीत मन लागत नसेल, जेवण तुटलं असेल, सेमिनारच्या नुसत्या विचाराने छाती धडधडत असेल, तर तो आळस नाही. त्यावर उपचार आहेत. आधी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. मेसच्या जेवणावर राहणाऱ्या मुलींमध्ये थकव्याचं कारण पुष्कळदा रक्तातच असतं.

मग बोला. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आणि चोवीस तास चालते. भाषा निवडता येते, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. कर्नाटकातून फोन लावला तर सुरुवातीला कन्नड ऐकू येईल. फोन ठेवू नका, मराठी हवं म्हणून सांगा. आपलं दुखणं परक्या भाषेत सांगायला लागू नये, म्हणून हे आवर्जून लिहितो आहे.

प्रत्यक्ष डॉक्टर हवे असतील तर बेळगावात बिम्सच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि केएलईच्या रुग्णालयातही आहे. धारवाडची डिमहान्स ही खास मानसिक आरोग्याचीच सरकारी संस्था आहे. इथे ओळखीचं कुणी भेटेल म्हणून संकोच वाटत असेल तर धारवाडला जा. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. उपचार घेतले तर नोकरीत अडेल, लग्नात अडेल, ही भीती मुलं बोलून दाखवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर डॉक्टर ती तुमच्या संमतीशिवाय विद्यापीठाला किंवा घरी देऊ शकत नाहीत.

रूममेट गप्प गप्प झाला असेल, वस्तू वाटून टाकत असेल, "आता काही अर्थ नाही" म्हणत असेल तर त्याला सरळ विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, १४४१६ लावा, आणि धोका आत्ताचा वाटला तर ११२ लावा किंवा सरळ रुग्णालयात न्या. हे गुपित ठेवायचं नसतं, त्याने शपथ घातली तरी.

अन्याय झाला तर

प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी आणि तिच्यावर लोकपाल असावा, असं यूजीसीचे २०२३ चे नियम सांगतात. समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत लोकपालांकडे जाता येतं. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवणं हाही तक्रारीचाच विषय आहे. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे घटनेपासून ३ महिन्यांच्या आत करावी. सबळ कारण असेल तर आणखी ३ महिने मिळू शकतात. तक्रार नेहमी लेखी द्या, इंग्रजीत दिली तरी चालते, आणि पोच घ्या. रॅगिंगच्या तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२.

पुढची वाट

प्राध्यापकी हा एकच रस्ता धरून बसू नका, जागा फार थोड्या निघतात. दुसऱ्या सेमिस्टरच्या सुट्टीत एखादं वेगळं काम करून बघा. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना उद्यमबागचे फौंड्री आणि मशीनचे कारखाने आहेत, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनवणारा उद्योग आहे. वैद्यक, समाजशास्त्र, संख्याशास्त्राच्या मुलांनी केएलईच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या माता-बालआरोग्य संशोधनाची चौकशी करावी. खेडोपाडी जाऊन मराठी-कन्नड दोन्हींत बोलणारी माणसं अशा कामांना लागतात. भाषेच्या मुलांनी भाषांतराचे छोटे नमुने आत्तापासून जमवावेत. बायोडाटा दर सहा महिन्यांनी नवा करा, म्हणजे काय कमी पडतंय ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

पाच जणांचा गट

हे सगळं एकट्याने होत नाही. वेगवेगळ्या विभागांतले चार-पाच जण जमवा. एकाच गाइडचे सगळे नकोत, मोकळं बोलता येत नाही. पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या वारी, टिळकवाडीत कुणाच्या रूमवर किंवा वाचनालयात भेटा. प्रत्येकाने दोन पानं लिहून आणायची, दुसऱ्याने वाचून खुणा करायच्या. पहिला अर्धा तास लिखाणाचा, मग चहा, मग फॉर्मच्या तारखा एकमेकांना सांगायच्या. गटात एक तरी कन्नडभाषक असू द्या. त्याला तुमची मदत होईल, तुम्हाला त्याची. सलग दोनदा कुणी आलं नाही तर फोन न करता त्याच्या रूमवर जाऊन या.